वॉटसनचा सांगाडा

मुंबईच्या फोर्ट भागात, काळा घोडा चौकालगत, महात्मा गांधी रस्त्यावर उभी असलेली आणि आज एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ओळखली जाणारी जुनी पाच मजली इमारत म्हणजे एकेकाळचे वॉटसन हॉटेल. या हॉटेलविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात सहसा तीन गोष्टी येतात: १८९६ साली हिंदुस्थानातला चलच्चित्रांचा पहिला खेळ येथे झाला, त्याच वर्षी अमेरिकन लेखक मार्क ट्वेन येथे उतरला होता, आणि जमशेटजी टाटांना येथे प्रवेश नाकारला गेला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि तिसरी शंकास्पद आहे. परंतु तिन्ही गोष्टी अशा आहेत की त्या काळच्या मुंबईतल्या दुसऱ्या एखाद्या बड्या हॉटेलातही त्या घडू शकल्या असत्या. फक्त याच इमारतीला लागू पडणारी गोष्ट तिच्या भिंतींमध्ये आहे. इमारतीचा सगळा भार लोखंडी खांब आणि तुळया यांचा सांगाडा पेलतो, विटांच्या भिंती त्या सांगाड्यातल्या मोकळ्या चौकटी भरण्यापुरत्या आहेत, आणि हा सांगाडा १८६७ ते १८६९ या काळात, म्हणजे शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग बांधली जाण्याच्या सुमारे पंधरा वर्षे आधी, मुंबईत उभा राहिला. बांधकामाच्या इतिहासाचे ब्रिटिश अभ्यासक जोनाथन क्लार्क यांनी २००२ साली या इमारतीवर लिहिलेल्या दीर्घ निबंधात, पूर्ण लोखंडी सांगाड्याची आणि माणसांच्या वास्तव्यासाठी बांधलेली जगातली सर्वांत जुनी टिकून असलेली बहुमजली इमारत म्हणून तिचे स्थान मांडले आहे. मुंबईकरांच्या लेखी मात्र ती बराच काळ वकिलांची कार्यालये असलेली एक पडकी चाळच होती.

ही इमारत जेथे आहे ती जागा १८६० च्या आधी मोकळी होती, आणि ती मुद्दाम मोकळी ठेवलेली होती. मुंबईच्या किल्ल्याला तटबंदी होती, अपोलो गेट, चर्चगेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे होते, आणि तटावरच्या तोफांचा मारा अडू नये म्हणून तटाबाहेरच्या विस्तीर्ण पट्ट्यात पक्के बांधकाम करण्यास मनाई होती. या मोकळ्या पट्ट्याला एस्प्लनेड म्हणत. उन्हाळ्यात किल्ल्यातली कोंदट हवा टाळण्यासाठी युरोपीय रहिवासी तेथे तंबू ठोकून राहत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईवर स्वारी होण्याची भीती उरली नव्हती आणि किल्ल्यातली दाटी असह्य झाली होती, तेव्हा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६२ नंतर, तट पाडण्याचे काम हाती घेतले गेले. तटाखालची आणि एस्प्लनेडची जमीन मोकळी झाल्यावर सरकारने तिचे भूखंड पाडले आणि लिलावात विकले, व त्या उत्पन्नातून सार्वजनिक इमारती उभारण्याचे ठरवले. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. आज ज्यांच्यावरून फोर्ट ओळखला जातो त्या उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई मनोरा यांपैकी एकही वास्तू त्या ग्रंथाच्या वाचकाला पाहायला मिळणे शक्य नव्हते, कारण शहराचा तो चेहरा त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत घडला.

लिलावाची वेळ सरकारच्या दृष्टीने फारच सोयीची होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून तेथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, त्यांनी पश्चिम भारतातल्या कापसाकडे मोर्चा वळवला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बँका, वित्तसंस्था, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या अशा कित्येक संस्थांचे शेअर निघाले आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालांच्या शब्दावर लोकांनी त्यांत संपत्ती ओतली. अशा वातावरणात, ऑगस्ट १८६४ मध्ये झालेल्या लिलावात जॉन हडसन वॉटसन या इंग्रज व्यापाऱ्याने एस्प्लनेडवरचा भूखंड ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला. वॉटसन हा इंग्लंडच्या उत्तरेकडील कंबरलंड परगण्यातल्या कॅसल कॅरॉक या गावचा. मुंबईत त्याचा कापडाचा आणि शिवणकामाचा व्यवसाय चांगला चालला होता. त्याच्या मनात हॉटेल नव्हते. खाली दुकान, वर कचेऱ्या आणि राहण्याची सोय अशी व्यापारी इमारत त्याला हवी होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, जुलै १८६५ मध्ये मुंबईतले बहुतेक सट्टेबाज एकाच तडाख्यात बुडाले, आणि तरीही वॉटसनने आपले बांधकाम पुढे नेले; त्याचे रूप मात्र हळूहळू दुकानाकडून हॉटेलाकडे सरकत गेले.

इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने इंग्लंडमध्ये तयार केला, आणि हीच निवड निर्णायक ठरली, कारण ऑर्डिशचे सारे आयुष्य लोखंडाचे हिशेब मांडण्यात गेले होते. १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनमध्ये उभारलेल्या काच आणि लोखंडाच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामात तो होता. लंडनच्या सेंट पॅनक्रस स्थानकावरचे ७० मीटरहून अधिक रुंदीचे, मध्ये एकही खांब नसलेले कमानी छप्पर विल्यम बार्लो यांच्याबरोबर त्यानेच साकारले, आणि टेम्स नदीवरचा अल्बर्ट पूलही त्याचाच. वॉटसनच्या इमारतीचे काम आणि सेंट पॅनक्रसचे काम साधारण एकाच वेळी चालू होते. एस्प्लनेडवर नव्याने येणाऱ्या इमारतींची धाटणी दगडी गॉथिक होती, म्हणजे टोकदार कमानी, कोरीव नक्षी आणि जाड भिंती असलेली. शेजारचे डेव्हिड ससून ग्रंथालय मालाडच्या पिवळट दगडात बांधले गेले. त्या रांगेत ऑर्डिशने लोखंड उघडे ठेवून, प्रत्येक मजल्यावर पुढे आलेल्या सज्ज्यांच्या रांगा असलेली जी इमारत आखली, तिचा सांगाडा उभा राहत असताना पाहणाऱ्यांना ती भल्या मोठ्या पिंजऱ्यासारखी वाटली. ही तुलना बहुधा कौतुकाची नव्हती.

लोखंडाच्या सांगाड्याचे महत्त्व समजण्यासाठी त्याआधीच्या बांधकामाची रीत लक्षात घ्यावी लागते. दगडी किंवा विटांच्या इमारतीत भिंतीच भार वाहतात, आणि जितके मजले अधिक तितकी तळची भिंत जाड करावी लागते. खिडक्या मोठ्या करता येत नाहीत, आतली भिंत हलवता येत नाही, कारण तिच्यावर वरचा मजला टेकलेला असतो. लोखंडाचे तेव्हा दोन प्रकार वापरात होते. बीड, म्हणजे वितळवून साच्यात ओतलेले लोखंड, दाब उत्तम सोसते पण ताण पडला की काचेसारखे तडकते, म्हणून ते खांबांना योग्य. घडीव लोखंड, म्हणजे तापवून, ठोकून आणि लाटून तयार केलेले लोखंड, ताणही सोसते, म्हणून ते तुळयांना योग्य. पोलाद मुबलक आणि स्वस्त होण्यास अजून काही वर्षे होती. वॉटसनच्या इमारतीत बिडाचे खांब आणि घडीव लोखंडाच्या तुळया यांची अशी जोडणी केली गेली की मजल्यांचा भार तुळयांवरून खांबांवर आणि खांबांवरून थेट पायात उतरतो. भिंतीवर भार नसल्यामुळे ती पातळ चालते, खिडक्यांना आणि सज्ज्यांना हवी तेवढी जागा मिळते, आणि आतल्या खोल्या कशाही पाडता येतात. या शेवटच्या सोयीचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागेल, कारण हॉटेलाला ती वरदान ठरली आणि इमारतीला शाप.

लोखंड इमारतीत वापरण्याची कल्पना त्या वेळी नवी नव्हती. इंग्लंडमधल्या श्रूझबरीजवळच्या डिदरिंग्टन येथे १७९७ साली जी तागाच्या सुताची गिरणी बांधली गेली तिच्यात खांब आणि तुळया बिडाच्या होत्या, पण बाहेरच्या भिंती विटांच्या आणि भारवाही होत्या, म्हणजे सांगाडा अर्धाच होता. १८६० च्या सुमारास शीअरनेसच्या आरमारी गोदीत गॉडफ्री ग्रीन याने बांधलेल्या नावांच्या कोठारात सांगाडा पूर्ण लोखंडी होता, परंतु ते कोठार होते, राहण्याची जागा नव्हती. पॅरिसजवळ न्वाझिएल येथे चॉकलेट बनवणाऱ्या मेनिए कंपनीची जी लोखंडी सांगाड्याची गिरणी वास्तुकलेच्या पाठ्यपुस्तकांत हमखास दाखवली जाते ती १८७१-७२ ची, म्हणजे वॉटसननंतरची. पाठ्यपुस्तके युरोपात आणि अमेरिकेत लिहिली गेली, हे मुंबईचा दाखला त्यांतून गळण्याचे एक कारण असावे. दुसरे कारण असे की मुंबईत या पद्धतीचा वारसा चालला नाही. वॉटसनच्या पाठोपाठ तशा इमारतींची परंपरा निर्माण झाली नाही, शहर पुन्हा दगडाकडे वळले, आणि सांगाड्याचे तंत्र येथे परतले ते विसाव्या शतकात, काँक्रीटच्या रूपाने.

इमारतीचे सुटे भाग इंग्लंडमध्ये डर्बी येथील फिनिक्स फाउंड्रीत ओतले गेले आणि जहाजाने मुंबईस आणले गेले. केवळ लोखंडच नव्हे, तर जोत्याचा आणि खांबांच्या बैठकांचा लाल दगड पेनरिथहून, विटा आणि सिमेंट टेम्स नदीकाठच्या बरहॅम कंपनीकडून आणि फरश्या स्टोक-ऑन-ट्रेंट येथील मिंटन यांच्याकडून मागवल्या गेल्या. पेनरिथ हे वॉटसनच्या मूळ गावच्याच परगण्यातले असल्यामुळे त्या दगडाच्या निवडीत थोडी माहेरची ओढही असावी. सुएझचा कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी अशा जड मालाला सारा आफ्रिका खंड वळसा घालून यावे लागे. दगडाच्या खाणी मुंबईच्या दाराशी आणि विटांच्या भट्ट्या कल्याण-ठाण्याच्या बाजूला असताना दगड-विटांसकट संपूर्ण इमारत परदेशातून आणण्यात व्यवहारज्ञान किती आणि अभिमान किती, याचा हिशेब लावणे कठीण आहे. लोखंडाच्या बाबतीत मात्र दुसरा मार्ग नव्हता, कारण हिंदुस्थानात अशा आकाराचे आणि इतक्या अचूक मापाचे भाग ओतणारा कारखाना तेव्हा नव्हता. मापे जुळवून ओतलेले भाग जागेवर आणून बोल्टांनी जोडायचे, ही पद्धत त्या वेळच्या रेल्वेच्या पुलांची होती, आणि वॉटसनचे हॉटेल हे वस्तुतः उभे केलेले पुलाचे बांधकाम आहे असे म्हटल्यास ते फारसे चूक होणार नाही.

हॉटेल १८७१ साली सुरू झाले तेव्हा काळ त्याला अनुकूल होता. सुएझ कालव्यामुळे इंग्लंडचा प्रवास काही आठवड्यांवर आला होता, मार्च १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग सलग जोडला गेला होता, आणि बोटीतून उतरून गाडी धरणाऱ्या प्रवाशांना एक-दोन रात्री काढण्यासाठी बऱ्यापैकी जागा हवी होती. वॉटसनमध्ये सुमारे १३० खोल्या होत्या. मध्यभागी काचेच्या छताखालचा चौक होता, ज्याचा उपयोग नृत्याच्या मेळाव्यांसाठी होई. वाफेवर चालणारा पाळणा, म्हणजे आजच्या भाषेतली लिफ्ट, हे त्या काळच्या मुंबईत अप्रूप होते. उपाहारगृहात वाढण्यासाठी खास इंग्लंडहून आणलेल्या तरुणी होत्या, आणि त्यावरून मायदेशाची आठवण करून देणारे सगळे येथे आहे, उणीव फक्त हवेची, असा विनोद युरोपीय वर्तुळात चाले. ग्राहक युरोपीय होता आणि त्याच्या सेवेत स्थानिक माणसे होती. हॉटेलाची सारी ऐट या विभागणीवर उभी होती.

या विभागणीचा एक साक्षीदार मार्क ट्वेन आहे. कर्जाच्या ओझ्यातून सुटण्यासाठी जगभर व्याख्याने देत फिरणारा हा लेखक जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत पोचला तो खोकल्याने बेजार होता, त्यामुळे पहिले काही दिवस त्याने बहुतांशी खोलीतच काढले आणि सज्ज्यातून दिसणारे जग पाहिले. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात मुंबईच्या कावळ्यांवर त्याने जी पाने खर्च केली आहेत ती प्रसिद्ध आहेत. त्याहून महत्त्वाचा, पण कमी उद्धृत होणारा प्रसंग त्याच प्रवासातला आहे: खोलीची व्यवस्था पाहायला आलेल्या एका धिप्पाड जर्मनाने स्थानिक नोकराच्या थोबाडात मारली, नोकराने ते मुकाट सोसले, आणि ट्वेनला आपल्या बालपणातली मिसूरी, तेथली गुलामगिरी आणि घरच्या गुलामांना दिली जाणारी वागणूक आठवली. हॉटेलातल्या शिष्टाचाराखाली काय दडले होते याचे इतके थेट वर्णन त्या काळच्या दुसऱ्या एखाद्या पाहुण्याने क्वचितच केले असेल.

त्याच वर्षीच्या ७ जुलैला येथे चलच्चित्रांचा खेळ झाला. फ्रान्समधल्या लुमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये आपल्या सिनेमॅटोग्राफ या यंत्राचा पहिला जाहीर तिकीट-खेळ केला होता. चित्रण करणे, प्रती काढणे आणि पडद्यावर दाखवणे ही तिन्ही कामे करणारी ही हाताने फिरवायची पेटी घेऊन त्यांचे प्रतिनिधी जगभर निघाले. त्यांपैकी मारियस सेस्तिए हा ऑस्ट्रेलियाकडे जाताना मुंबईत थांबला. एक रुपया तिकीट, संध्याकाळपासून चार खेळ, आणि प्रत्येकी मिनिटाहूनही लहान अशा सहा चित्रफिती असा तो कार्यक्रम होता. स्थानकात येणारी आगगाडी, कारखान्यातून सुटणारे कामगार, पाडली जाणारी भिंत अशी त्यांतली दृश्ये. रुपया ही तेव्हा सामान्य माणसाच्या आवाक्यातली रक्कम नव्हती आणि जागाही त्याची नव्हती, म्हणून हा पहिला खेळ मुंबईचा असला तरी मुंबईकरांचा होता असे म्हणता येत नाही. आठवड्याभराने, १४ जुलैपासून, खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले. तेथे तिकिटांचे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत होते आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळ्या जागा राखलेल्या होत्या. सिनेमा शहरात खऱ्या अर्थाने शिरला तो या दुसऱ्या दाराने.

लुमिएरच्या या खेळांनी प्रभावित झालेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. सावे दादा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मराठी छायाचित्रकाराने इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती चित्रित केली. हिंदी माणसाने केलेल्या पहिल्या चित्रणांत तिची गणना होते. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ साली मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण सावे दादांनी केले. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ येईपर्यंत अजून बारा वर्षे होती, तरीही मराठी माणूस आणि चलच्चित्रांचा कॅमेरा यांची गाठ पडली ती १८९६ च्या त्या पावसाळी महिन्यांतल्या खेळांमुळे, एवढे निश्चित आहे.

जमशेटजी टाटांची कथा मात्र तपासून घ्यावी लागते. वॉटसनमध्ये त्यांचा अपमान झाला आणि सूडापोटी त्यांनी ताज उभारले, ही कथा सांगायला सोपी आणि ऐकायला गोड आहे, पण तिला समकालीन पुरावा मिळत नाही आणि अनेक इतिहासकारांनी तिच्यावर शंका घेतली आहे. जमशेटजींचे स्वतःचे प्रशस्त निवासस्थान, एस्प्लनेड हाउस, याच परिसरात होते. रात्र काढण्यासाठी त्यांना हॉटेलाची गरज नव्हती. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत गाठीचा प्लेग उद्भवला, हजारो लोक शहर सोडून गेले, व्यापार मंदावला, आणि बाहेरून येणाऱ्याला विश्वासाने उतरता येईल असे आधुनिक हॉटेल या शहरात असावे ही गरज त्या काळात जाहीरपणे बोलली जात होती. पोलाद, वीज आणि विज्ञानसंस्था यांच्या योजना आखणाऱ्या माणसाच्या स्वभावाशी हे कारण अधिक जुळते. सूडाच्या कथेत वगळली जाणारी आणखी एक बाब अशी की ताजच्या आराखड्याचे काम सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुविशारदाने डी. एन. मिर्झा यांच्यासह आरंभले होते आणि वैद्य यांच्या मृत्यूनंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरे केले. १६ डिसेंबर १९०३ रोजी ताज उघडले. हेतू काहीही असो, परिणाम वॉटसनला भोगावा लागला: नवे हॉटेल समुद्रासमोर होते, त्यात विजेचे दिवे आणि पंखे होते, आणि वंशाची आडकाठी नव्हती. तीस वर्षांपूर्वी ज्या गोष्टींमुळे वॉटसन आधुनिक ठरले होते त्याच गोष्टींत ते आता जुने झाले.

हॉटेल हळूहळू मागे पडले आणि विसाव्या शतकात केव्हातरी हॉटेल म्हणून त्याचा अंत झाला. मधल्या काळात महेंद्र मॅन्शन आणि पुढे एस्प्लनेड मॅन्शन अशी इमारतीची नावे बदलली. येथेच सांगाड्याचा तो गुण पुढे आला. आतली एकही भिंत भारवाही नसल्यामुळे लाकडी आणि विटांच्या आडभिंती घालून खोल्यांचे तुकडे करणे सोपे होते, आणि तसे तुकडे पडत गेले: कचेऱ्या, दुकाने, राहत्या खोल्या. उच्च न्यायालय आणि सत्र न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे वकिलांनी येथे गाळे घेतले. सज्जे बंद करून त्यांच्या खोल्या झाल्या, काचेच्या छताखालचा चौक कचरा, नळ आणि तारांनी भरला, आणि तळमजल्यावर खाण्याची दुकाने लागली. दगडी इमारतीत भाडेकरूला भिंत पाडण्याआधी दहादा विचार करावा लागतो. येथे तसा अडसर नव्हता.

यानंतरचे काम कायद्याने केले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने, ज्याच्या पूर्ण नावात हॉटेल आणि लॉजिंग हाउस यांचाही उल्लेख आहे, भाडी साधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना रस्त्यावर येण्यापासून वाचवणारी ही तरतूद तेव्हा न्याय्य होती, पण ती दशकानुदशके वाढवली गेली, आणि तिची जागा घेणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा २००० साली लागू होईपर्यंत मुंबईतल्या जुन्या इमारतींचे भाडे डागडुजीच्या खर्चाच्या जवळपासही पोचत नव्हते. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, आणि भाडेकरूला जागा सोडण्यात रस नव्हता, कारण इतक्या मोक्याच्या ठिकाणी इतकी स्वस्त जागा पुन्हा मिळणार नव्हती. १९६९ साली राज्य सरकारने दुरुस्ती मंडळ स्थापन केले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्त्या करण्याची व्यवस्था केली. अशा इमारतींना उपकरप्राप्त इमारती म्हणतात आणि आता त्यांचा कारभार म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे आहे. पण ही व्यवस्था मुख्यतः लाकडी वासे आणि विटांच्या चाळी डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. बिडाच्या खांबाला टेकू देणे आणि गिलावा मारणे म्हणजे त्याची दुरुस्ती नव्हे.

लोखंडाचा शत्रू गंज, आणि मुंबईची खारी हवा व दर वर्षीचा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस यांत त्याला खतपाणी मिळते. गंज चढलेले लोखंड फुगते, आजूबाजूची वीट आणि गिलावा फोडते, आणि फुटलेल्या जागेतून पाणी आणखी आत जाते. यात बीड तुलनेने तग धरते. घडीव लोखंडाच्या तुळया आणि मजल्यांतले लाकडी वासे अधिक धोक्यात असतात, विशेषतः जेथे मागाहून घातलेल्या मोऱ्या आणि संडास यांचे पाणी वर्षानुवर्षे झिरपते. जून २००५ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने इटालियन वास्तुविशारद रेन्झो पियानो यांच्या पुढाकाराने जगातल्या धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत वॉटसनचा समावेश केला, आणि त्यानंतर काही दिवसांतच, जुलैमध्ये, सज्ज्याचा भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला व काही जण जखमी झाले. कोसळली ती पुढे आलेली, उघड्यावरची बाजू. मुख्य सांगाडा उभा राहिला. २०१९ साली उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली म्हाडाने इमारत रिकामी करून घेतली. मुंबई आयआयटीच्या तज्ज्ञांनी तिची तपासणी करून ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचे सांगत पाडण्याची शिफारस केली, तर वारसा समितीने आणि संवर्धन क्षेत्रातल्या जाणकारांनी या निष्कर्षाला विरोध केला.

हा वाद भावनेचा आणि सुरक्षिततेचा असल्यासारखा मांडला जातो, परंतु त्याचा गाभा तांत्रिक आहे. आजच्या संहितांनुसार पोलादी किंवा काँक्रीटच्या इमारतीला जे निकष लावतात ते लावले तर १८६० च्या दशकातल्या बहुतेक लोखंडी रचना नापास होतील. याउलट, जोडणीच्या पद्धतीमुळे या इमारतीला असा एक गुण आहे जो दगडी वास्तूंना नाही: तिचे खराब झालेले भाग वेगळे करून बदलता येतात, अनावश्यक आडभिंती आणि मागाहून चढवलेला भार काढून सांगाडा हलका करता येतो, आणि कमकुवत तुळयांना पोलादाची जोड देता येते. डिदरिंग्टनच्या गिरणीच्या बाबतीत हेच घडले. तीही कित्येक वर्षे रिकामी आणि पडीक होती. २००५ साली, म्हणजे वॉटसनचा सज्जा कोसळला त्याच वर्षी, इंग्लंडच्या वारसा संस्थेने ती विकत घेतली, सार्वजनिक आणि लॉटरीच्या निधीतून जुन्या बिडाला आधार देत तिचे पुनरुज्जीवन केले, आणि २०२२ साली ती लोकांसाठी खुली झाली.

दोन्हींत मोठा फरक मालकीचा आहे. तेथे गिरणी सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात आली होती. येथे इमारत खासगी मालकीची, हक्क शेकडो तुकड्यांत विभागलेले, भाडेकरू बाहेर पण त्यांचे दावे कायम, आणि दुरुस्तीचा खर्च उपकरातून मिळणाऱ्या मदतीच्या कितीतरी पट. इमारत वारसा यादीत द्वितीय ‘अ’ श्रेणीत आहे, त्यामुळे वारसा समितीला डावलून ती पाडता येत नाही. मात्र तीच यादी दुरुस्तीसाठी एक रुपयाही देत नाही. युनेस्कोने २०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा ठरवले, तेव्हा ज्या ओव्हल-काळा घोडा परिसरातल्या इमारतींनी तो मान मिळवला त्यांतल्या अनेक मोठ्या व्हिक्टोरियन इमारती सार्वजनिक संस्थांच्या मालकीच्या आहेत, आणि त्या टिकण्याचे तेही एक मोठे कारण आहे. वॉटसनच्या बाबतीत मालक, भाडेकरू, म्हाडा, महापालिका आणि न्यायालय या पाचांपैकी खर्चाची जबाबदारी नेमकी कोणी उचलायची हे ठरल्याखेरीज ऑर्डिशच्या गणिताचा पुढचा हिशेब करण्यात अर्थ नाही, आणि आतापर्यंतच्या साऱ्या अहवालांत सर्वांत कमी शब्द याच प्रश्नावर खर्च झाले आहेत.